लहान आगगाडीची मोठी शाळा

जत्रेंतून आणलेली किल्लीची आगगाडी जमिनीवर फिरूं लागली म्हणजे घरांतील लहान मुलें टाळ्या पिटतात, आणि मोठीं माणसें क्षणभर कौतुकानें पाहून आपापल्या उद्योगास लागतात. खेळण्यांतली आगगाडी मुलांची आणि खरी आगगाडी मोठ्यांची, अशी आपली सर्वांची समजूत असते. परंतु इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं १९१२ सालीं एक अशी लहान आगगाडी बांधण्यांत आली कीं, तिच्याभोवतीं मुलें नव्हेत तर संसारी पुरुष गंभीर मुद्रेनें उभे राहूं लागले. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वे या कंपनीनें आपल्या सिग्नलवाल्यांस शिकविण्यासाठीं ती बांधविली होती. पुढें कंपन्या बदलल्या, दोन महायुद्धें झालीं, वाफेचीं इंजिनें जाऊन डिझेलचीं व विजेचीं आलीं. तरी मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनांतील ही लहान आगगाडी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत शिकवीतच होती. आतां ती यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या संग्रहीं आहे.

मोठ्या माणसांनीं खेळण्यापाशीं बसून काय शिकावें, हें कळण्यासाठीं आधीं आगगाडीचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. बैलगाडी हांकणाऱ्यापुढें म्हैस आडवी आली तर तो कासरा ओढतो किंवा गाडी बाजूस घेतो. आगगाडीला बाजू नाहीं. रूळ नेतील तिकडेच तिनें गेलें पाहिजे. शिवाय शेंकडों टन वजनाची गाडी वेगांत असतां ब्रेक लावला, तरी ती कित्येक शें मीटर पुढें जाऊनच थांबते. रात्रीं, धुक्यांत किंवा वळणावर तेवढें अंतर ड्रायव्हरच्या दृष्टीस पडत नाहीं. म्हणून तो केवळ आपल्या डोळ्यांच्या भरंवशावर गाडी चालवूं शकत नाहीं. तो सिग्नलाच्या, म्हणजे ज्याचें तोंडही त्यानें कदाचित् पाहिलें नसेल अशा दुसऱ्या एका मनुष्याच्या, शब्दावर विश्वास ठेवून गाडी चालवितो. त्याच्या मागें डब्यांत निजलेलीं शेंकडों माणसें त्याच शब्दाच्या आधारावर निजलेलीं असतात.

प्रारंभींच्या काळीं हा शब्द फार कच्चा होता. एक गाडी सोडल्यावर ठराविक मिनिटें थांबावें आणि त्याच मार्गावर दुसरी सोडावी, अशी पुष्कळ ठिकाणीं रीत होती. तेवढ्या वेळांत पहिली गाडी पुढें निघून गेली असेल, असें धरून चालत. या ‘असेल’ची किंमत आयर्लंडांतील आर्मा गांवाजवळ १२ जून १८८९ रोजीं मोजावी लागली. तेथील मेथडिस्ट मंडळीच्या शब्बाथशाळेचीं मुलें, त्यांचे शिक्षक व पालक समुद्रकांठीं सहलीस निघाले होते. त्यांची गाडी भरगच्च भरली होती. ती चढावर अडली. गाडीचे दोन भाग करून पुढला भाग आधीं न्यावा असें ठरलें. परंतु ते सोडवितांना मागचे डबे निसटले आणि उतारानें मागें धांवूं लागले. त्याच मार्गावर, नेमलेलीं मिनिटें थांबून सोडलेली नित्याची गाडी मागून येत होती. सुमारें ८० माणसें प्राणांस मुकलीं, आणि त्यांत मुलें पुष्कळ होतीं. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा करून उतारूंच्या मार्गांवर तीन गोष्टी सक्तीच्या केल्या: गाड्यांमध्यें वेळाचें नव्हे तर जागेचें अंतर राखणें, रुळांचे सांधे व सिग्नल एकमेकांशीं जखडणें, आणि गाडी तुटली तरी सर्व डब्यांस आपोआप लागेल असा ब्रेक बसविणें.

जागेचें अंतर राखण्याची ही जी रीत, तिलाच रेल्वेच्या भाषेंत ब्लॉक पद्धति म्हणतात. संपूर्ण मार्गाचे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या टोंकाला एक केबिन असते. एका तुकड्यांत एका वेळीं एकच गाडी असावी, हा एकच नियम. बाकीचे सर्व नियम त्याच्या रक्षणासाठीं आहेत. दोन केबिनींमध्यें तारेनें जोडलेली एक घंटा असते आणि एक कांटा असतो. कांट्याच्या तीन जागा: ‘मार्ग बंद’, ‘मार्ग मोकळा’ आणि ‘मार्गावर गाडी’.

ब्रिटिश पद्धतींत हें संभाषण कसें चालतें तें पाहा. पहिल्या केबिनीचा मनुष्य घंटेचा एक ठोका देतो. त्याचा अर्थ, ‘लक्ष आहे काय?’ दुसरा तोच ठोका परत देतो. मग पहिला, जलद उतारू गाडी असल्यास, चार ठोके देतो. म्हणजे ‘अशा गाडीसाठीं तुमचा मार्ग मोकळा आहे काय?’ दुसऱ्यानें आधीं आपली वही पाहावयाची, आपला मार्ग पाहावयाचा. नुसता आपल्या सिग्नलापर्यंतच नव्हे, तर सामान्यतः त्याच्याही पुढें ४४० यार्डांपर्यंत मार्ग मोकळा पाहिजे. कारण गाडी सिग्नलापाशीं न थांबतां थोडी पुढें घसरली तरी अपघात होऊं नये. सर्व ठीक असेल तर तो चार ठोके परत देतो आणि कांटा ‘मार्ग मोकळा’वर फिरवितो. नसेल तर तो उत्तरच देत नाहीं, आणि उत्तर नसलें म्हणजे पहिल्यानें गाडी रोखून धरावयाची. येथें मौनाचा अर्थ संमति नव्हे, नकार होय. गाडी तुकड्यांत शिरली कीं पहिला दोन ठोके देतो आणि दुसरा कांटा ‘मार्गावर गाडी’वर आणतो. पुढें गाडी दुसऱ्या केबिनीवरून गेली म्हणजे तेथील मनुष्य शेवटच्या डब्याकडे पाहतो. त्या डब्यामागें लाल दिवा असला पाहिजे. दिवा दिसला तर गाडी संपूर्ण आली. न दिसला तर तिचे कांहीं डबे मागें तुटून राहिले असतील. दिवा पाहिल्यावांचून ‘गाडी बाहेर पडली’ याचे दोन आणि एक असे ठोके देतां कामा नयेत. आणि कोठें अडथळा, संकट उद्भवलें तर सहा ठोके. ते ऐकतांच दुसऱ्यानें सर्व गाड्या थांबवावयाच्या.

हे नियम पुस्तकांत वाचणें सोपें आहे. आपल्या शाळेंतील सहावीचा मुलगाही ते चार दिवसांत तोंडपाठ म्हणून दाखवील. परंतु तोंडपाठ असणें निराळें, आणि मध्यरात्रीं एकाच वेळीं दोन घंटा वाजूं लागल्या असतां हातानें योग्य तेंच करणें निराळें. मग हाताला शिकवावयाचें कोठें? खऱ्या केबिनींत नवशिक्यास बसवावें, तर त्याच्या पहिल्या चुकीनेंच माणसें मरतील. न बसवावें, तर तो कधींच शिकणार नाहीं. या अडचणींतून लहान आगगाडी निघाली.

अशा शाळेची खोली डोळ्यांपुढें आणा. लांब मेजावर लहान रूळ मांडलेले आहेत. त्यांवर लहान गाड्या, लहान सांधे, हात वरखालीं करणारे लहान सिग्नल. मात्र घंटा, कांटे, तरफा आणि नोंदवही यांचें काम खऱ्या केबिनींत चालतें तसेंच चालतें. एकेका केबिनीच्या जागीं एकेक विद्यार्थी उभा राहतो. शिक्षकाच्या हातीं वेळापत्रक असतें. प्रथम एकच गाडी एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत न्यावयाची. ती नीट गेली म्हणजे दोन्ही दिशांनीं गाड्या सुरू होतात. मग मालगाडी बाजूच्या रुळावर घेऊन जलद गाडीस वाट द्यावयाची. विद्यार्थ्यानें सांधा न बदलतां सिग्नल ओढूं पाहिला, तर तरफ हालतच नाहीं. कारण दोन्ही एकमेकांशीं जखडलेलीं असतात. अशी युक्ति जॉन सॅक्सबी यानें १८५६ सालीं पेटंट घेऊन इंग्लंडांत प्रचारांत आणली. सांधे, सिग्नल आणि तरफा यांचा हा संबंध फळ्यावर तासभर समजावून जें साधत नाहीं, तें अडलेल्या एका तरफेनें क्षणांत साधतें.

एवढें अंगवळणीं पडलें म्हणजे शिक्षक संकटें निर्माण करूं लागतो. कधीं घंटा मुकी होते. कधीं गाडीचा मागचा दिवा गुपचूप काढून ठेवलेला असतो. कधीं एक गाडी तुकड्यांत शिरते ती बाहेरच येत नाहीं. विद्यार्थी गोंधळतो, चुकतो, आणि दोन लहान गाड्या एकमेकींवर आदळतात. कोणी मरत नाहीं. गाड्या पुन्हां रुळांवर ठेवल्या जातात आणि सर्वजण वही उघडून, ठोक्यामागून ठोका तपासून, चूक कोणत्या क्षणीं झाली तें शोधतात. खऱ्या मार्गावर हा शोध चौकशी-समिति करते, तेव्हां ज्याच्या हातून चूक झाली त्यास शिकण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. लहान आगगाडीचा हाच मोठा उपकार आहे कीं, तेथें चूक मनुष्याच्या आधीं येते आणि त्याला सावध करून जाते.

दुसराही एक लाभ आहे. खऱ्या केबिनींतील मनुष्यास मार्गाचा आपला तेवढा तुकडा दिसतो. पलीकडला मनुष्य त्याच्या दृष्टीनें केवळ घंटेचा आवाज असतो. मेजावर मात्र संपूर्ण मार्ग एकदम दिसतो. आज जो एका केबिनीवर उभा राहिला, तो उद्यां दुसरीवर उभा राहतो. आपण ठोका देण्यास आळस केला तर पलीकडल्याची गाडी कशी खोळंबते, हें त्याला तेव्हां कळतें. दुसऱ्याच्या जागीं उभें राहून पाहणें हा धडा रेल्वेखेरीज इतरत्रही उपयोगी पडण्याजोगा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी म्हणेल, ‘नियम एकदां समजला म्हणजे पुरे, तोच तो पुन्हां पुन्हां कशाला गिरवावयाचा?’ त्याचें उत्तर एका दुःखद हकीगतींत आहे. स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेट्ना गांवाजवळ क्विंटिन्सहिल नांवाची केबिन होती. २२ मे १९१५ च्या सकाळीं तेथील बाजूचे दोन्ही रूळ मालगाड्यांनीं भरलेले असल्यामुळें, एक लहान उतारू गाडी तात्पुरती उलट दिशेच्या मुख्य मार्गावर उभी करून ठेवली होती. केबिनींत पाळी बदलत होती. नियमाप्रमाणें दिवसपाळीच्या मनुष्यानें सहा वाजतां यावयाचें; परंतु त्या दोघांनीं आपसांत ठरविलें होतें कीं, त्यानें मागाहून याच लहान गाडीनें यावें. म्हणून सहा वाजल्यानंतरच्या नोंदी रात्रपाळीचा मनुष्य एका चिठ्ठीवर लिहून ठेवी आणि दिवसपाळीचा त्या मागाहून आपल्या अक्षरांत वहींत उतरवून काढी, म्हणजे उशीर कोणास दिसूं नये. मार्गावर गाडी उभी असतां त्या मार्गाच्या सिग्नलाच्या तरफेवर एक लोखंडी कडें घालून ठेवण्याचा नियम होता. कडें असलें म्हणजे तरफ ओढतां येत नाहीं. तें कडें त्या दिवशीं घातलें गेलें नाहीं. मार्ग अडला आहे, अशी शेजारच्या केबिनीस द्यावयाची सूचना दिली गेली नाहीं. उभ्या असलेल्या गाडीचा फायरमन नियमाप्रमाणें केबिनींत येऊन वहींत सही करून गेला. परंतु कडें घातलें आहे कीं नाहीं हें त्यानेंही पाहिलें नाहीं. आणि दिवसपाळीचा मनुष्य, ज्या गाडींतून तो स्वतः आला होता आणि जी त्याच्या खिडकीसमोर उभी होती, ती गाडीच विसरला. त्यानें सैनिकांच्या खास गाडीस मार्ग मोकळा दिला. ती उभ्या गाडीवर आदळली, आणि थोड्याच वेळांत दुसऱ्या मार्गानें आलेली जलद गाडी त्या ढिगाऱ्यांत घुसली. डबे लांकडी होते, दिवे गॅसचे होते; सर्वत्र आग लागली. दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. बहुतेक युद्धावर निघालेले तरुण शिपाई होते. ब्रिटनमधील हा सर्वांत प्राणघातक रेल्वे अपघात ठरला, आणि दोघां सिग्नलवाल्यांस तुरुंगवास भोगावा लागला.

ते दोघे अडाणी नव्हते, आणि दुष्ट तर नव्हतेच. त्यांस सर्व नियम ठाऊक होते. परंतु कडें न घालतां कित्येक दिवस सुरळीत गेले असले पाहिजेत, आणि ज्या नियमावांचून नित्य भागतें तो नियम मनुष्यास निरर्थक वाटूं लागतो. कडें हें स्मरणशक्ति चांगली असतांना घालावयाचें, तें ज्या एका दिवशीं ती दगा देईल त्या दिवसासाठीं. तो दिवस कोणता, हें आधीं कोणास कळत नाहीं. म्हणून तें दररोज घालावें लागतें. लहान आगगाडीवर शेंकडों वेळां तेंच तें करून घेतात, त्याचें कारण हेंच. विचाराला जेव्हां झोंप लागते तेव्हां संवय जागी राहावी, हा त्यांतला हेतु आहे.

या शाळेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मेजावरची गाडी कांहीं क्षणांत दुसऱ्या केबिनीस पोंचते. खरी गाडी पोंचण्यास पुष्कळ मिनिटें लागतात. तिचें वजन नाहीं, म्हणून ती बोटानें थांबते. खरी थांबत नाहीं. पाऊस, धुकें, रात्रीचें जागरण आणि घरच्या आजाराची काळजी या गोष्टी मेजावर मांडतां येत नाहींत. म्हणून अशा शाळेंतून उत्तीर्ण झालेल्यासही लगेच एकट्यानें केबिन देत नाहींत. तो अनुभवी मनुष्याच्या शेजारीं उभा राहून ती विशिष्ट केबिन शिकतो, आणि मगच त्याच्या हातीं तरफा येतात. आतां पुष्कळ ठिकाणीं लहान आगगाडीची जागा संगणकाच्या पडद्यानें घेतली आहे. साधन बदललें, परंतु चूक आधीं येथें करा, म्हणजे तेथें होणार नाहीं, हें तत्त्व तेंच आहे.

आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्यास पहिली उतारू गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं गेली, हें तुम्हांस पाठ आहे. परंतु त्यानंतर हजारों स्टेशन मास्तर, गार्ड आणि सांधेवाले कोठें तयार झाले, याचा विचार क्वचितच कोणी करतो. आपल्या खानदेशांत भुसावळ येथें मध्य रेल्वेची प्रशिक्षण संस्था आहे. तेथें स्टेशन मास्तर आणि गार्ड, ज्यांस २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, त्यांस शिक्षण मिळतें. आपल्या देशांतील अशा संस्थांतून लहान रूळ व सिग्नल मांडलेली खोली असते आणि तिला ‘मॉडेल रूम’ म्हणतात. आपल्याकडील एकेरी मार्गांवर आणखी एक वस्तु शिकावी लागे. पालकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल कीं, गाडी स्टेशनांतून जातांना ड्रायव्हर एक मोठें कडें झेलून घेई आणि दुसरें फेंकून देई. त्या कड्याच्या पिशवींत लोखंडाचा एक गोळा असे. दोन्ही स्टेशनांच्या मास्तरांनीं एकमेकांशीं मिळून यंत्र चालविल्याशिवाय तो गोळा बाहेर पडत नसे, आणि एक बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नसे. ज्याच्या हातीं गोळा त्याचाच मार्ग. पुष्कळ मार्गांवर आतां नवीं साधनें आल्यामुळें हें दृश्य दुर्मिळ झालें आहे.

शेवटीं तुमच्याच वयाच्या मुलांची एक आगगाडी सांगतों. हंगेरी देशाच्या बुडापेस्ट राजधानींत, डोंगराळ वनराईंतून ११.२ किलोमीटर लांबीचा आणि ७६० मिलिमीटर रुंदीचा एक अरुंद रेल्वेमार्ग आहे. त्याचा पहिला भाग ३१ जुलै १९४८ रोजीं उघडला आणि १९५० सालीं तो पूर्ण झाला. तेथें इंजिन मोठीं माणसें चालवितात. परंतु तिकिटें देणें, सिग्नल सांभाळणें, गाडीस निशाण दाखविणें हीं कामें १० ते १४ वर्षांचीं मुलें, मोठ्यांच्या देखरेखीखालीं करतात. त्यांस आधीं शिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते, आणि शाळेंतील अभ्यासही चांगला ठेवावा लागतो. ती आगगाडी मेजावरची नव्हे. तींत खरे उतारू बसतात. गणवेश घातलेला बारा वर्षांचा मुलगा जेव्हां फलाटावर उभा राहून गाडी सोडतो, तेव्हां आपल्या शब्दावर लोकांचे प्राण अवलंबून आहेत, हें त्यास कोणी व्याख्यान देऊन सांगावें लागत नाहीं.

पालकांसही एक विनंति करावीशी वाटते. आपली शाळा ही देखील एक मॉडेल रूम आहे. येथें गणित चुकलें तर पूल पडत नाहीं, औषधाचें प्रमाण चुकलें तर रोगी दगावत नाहीं. पाटी पुसून पुन्हां मांडतां येतें. म्हणून मुलाच्या वहींत तांबडी खूण दिसली तर त्याजवर एकदम रागावूं नये. ती चूक तेथें झाली हें बरेंच झालें. रागावावें तें चूक लपविल्याबद्दल. क्विंटिन्सहिलची ती चिठ्ठी आठवावी: मागाहून वहींत उतरविलेल्या नोंदी दिसावयास सुबक होत्या, आणि खोट्या होत्या. शेजारच्याची वही पाहून उतरविलेलें सुबक गणित त्याच जातीचें असतें. ज्या घरांत मूल न भितां ‘माझें चुकलें’ असें म्हणूं शकतें, त्या घरांतूनच उद्यां विश्वासू मनुष्य बाहेर पडण्याचा संभव अधिक.

आणि विद्यार्थिमित्रांनो, जो थोडक्यांत विश्वासू राहतो त्याच्याच हातीं पुष्कळ सोंपविलें जातें, असें आपल्या प्रभूनें शिकविलें आहे. मेजावरच्या रिकाम्या गाडीसाठीं ज्यानें प्रत्येक वेळीं तें कडें घातलें, त्याच्याच हातीं पुढें भरलेली गाडी देतात. पुढल्या वेळीं रात्रीच्या गाडीनें प्रवास करतांना अंधारांत एखाद्या केबिनीचा दिवा तुम्हांस दिसेल. तेथें कोणीतरी जागा आहे, तुमच्या गाडीचा मागचा लाल दिवा पाहतो आहे, आणि मगच घंटेचे दोन आणि एक असे ठोके देत आहे, हें मनांत आणा, आणि त्याच्यासाठीं एक लहानशी प्रार्थना करून स्वस्थ निजा.